हिमेजीचा किल्ला आणि गाव: एक पूर्ण दिवस कसा घालवायचा

जपानची आयटिनररी बनवताना बरेच लोक हिमेजीला हाफ डे देतात. म्हणजे ओसाकाहून आरामात नाश्ता करून निघायचं, अकराला पोचायचं, समोरून फोटो, मग रांगेतून वर चढायचं नि खाली उतरायचं, आणि दोन वाजता कोबेला पळायचं. असं करू नका हो. अकराला सगळ्या टूर बसेस तिथं येऊन उभ्या असतात, मुख्य इमारतीत लोकांच्या पाठी बघत चढावं लागतं, आणि वर पोचल्यावर "आत काहीच नाहीये की" असं वाटतं. ते खरंही आहे, आतल्या खोल्या जवळजवळ रिकाम्या आहेत. हिमेजीची खरी मजा त्या इमारतीपर्यंत जाणाऱ्या वाटेत आहे, आणि ती वाट हळू चाललं तरच कळते. त्यासाठी सकाळ लागते. आणि सकाळ दिलीच आहे तर दुपार-संध्याकाळ पण गावाला देऊन टाका.

आधी एवढं माहीत असू दे की जपानमधले बरेच 'किल्ले' आतून काँक्रीटचे आहेत. ओसाकाचा १९३१ सालचा, आत लिफ्ट आहे. नागोयाचा युद्धात जळाला आणि १९५९ मध्ये काँक्रीटमध्ये बांधला. मूळ लाकडी मुख्य इमारत उभी आहे असे किल्ले सगळ्या जपानात फक्त १२ उरलेत, त्यातले पाच राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहेत, आणि त्या पाचांत सगळ्यात मोठा हिमेजीचा. सेकिगाहाराची लढाई (१६००) जिंकून जपानची सत्ता हाती घेतलेल्या तोकुगावा इएयासूने हा प्रांत आपल्या जावयाला, इकेदा तेरुमासाला दिला, आणि त्याने १६०१ ते १६०९ ह्या काळात आज दिसते ती मुख्य इमारत उभी केली. १९९३ मध्ये जपानची जी पहिली ठिकाणं वर्ल्ड हेरिटेज यादीत गेली त्यात हा किल्ला होता.

जायचं कसं, किती वाजता

किल्ला नऊला उघडतो, आपण साडेआठ-पावणेनऊला गेटपाशी हवं. ओसाका स्टेशनवरून जेआर रेल्वेची शिन-काइसोकु म्हणजे स्पेशल रॅपिड पकडायची, साधारण एक तास लागतो, भाडं पंधराशे येनच्या आसपास, वेगळं रिझर्वेशन नाही, इकोका हे प्रीपेड कार्ड टॅप केलं की झालं. क्योतोहून हीच गाडी दीड तासाच्या थोडी वर घेते. शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-ओसाकाहून अर्धा तास, पण पैसे दुपटीहून जास्त, आणि शिन-ओसाकाला जाण्यायेण्यात वाचलेला वेळ तिथंच जातो. त्यामुळे तुमच्याकडे शिनकानसेनला चालणारा पास नसेल तर स्पेशल रॅपिड बेस्ट. हिरोशिमाहून येणाऱ्यांनी मात्र शिनकानसेनच घ्यावी, तासाभरात येते.

ओसाकाहून येताना डाव्या बाजूला बसा. कोबे संपून सुमा लागलं की रूळ अगदी समुद्राच्या कडेने जातात आणि माइकोपाशी आकाशी-काइक्यो पूल डोक्यावरून जातो, दोन मधल्या खांबांतलं अंतर १,९९१ मीटर. जागा मिळत नाही म्हणून वैतागू नका, कोबेला बरीच गर्दी उतरते.

हिमेजीला उतरलं की बॅगा कॉइन लॉकरमध्ये टाका. मोठ्या बॅगा घेऊन किल्ल्यावर जायचा विचारही करू नका. मग नॉर्थ एक्झिट. बाहेर पडताच लाकडी बांधणीचा एक व्ह्यूइंग डेक आहे, त्यावर उभं राहिलं की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. तो रस्ता म्हणजे ओतेमाए-दोरी, साधारण एक किलोमीटर, रमतगमत वीस मिनिटं. लूप बस आहे, पण सकाळी चाला, परत येताना पाय दुखतील तेव्हा बस घ्या.

नाश्त्याचं म्हणाल तर हिमेजीत आल्मंड टोस्ट हा प्रकार फेमस आहे. जाड पावाच्या स्लाइसवर बदाम घातलेलं गोडसर बटर लावून भाजतात, सोबत कॉफी. स्टेशनच्या आसपासच्या जुन्या कॅफेंमध्ये सकाळच्या सेटमध्ये मिळतो आणि शाकाहारी लोकांसाठी तर देवाने पाठवल्यासारखा आहे, कारण पुढे दिवसभर काय खायचं हा प्रश्न आहेच. त्यावर नंतर बोलू.

तिकीट आणि तयारी

मार्च २०२६ पासून तिकीट महाग झालंय. हिमेजी शहरात न राहणाऱ्या मोठ्या माणसाला २,५०० येन, शहरवासीयांना १,०००, आणि १८ वर्षांखालच्या सगळ्यांना फुकट. आधी सगळ्याच मोठ्या माणसांना हजार होते, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून बजेट करू नका. आपल्या पैशात चौदाशे-पंधराशे रुपये होतात. मुलं बरोबर असतील तर वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. शेजारच्या कोकोएन बागेसकट कंबाइंड तिकीट मिळतं, थोडेसेच पैसे वर जातात, तेच घ्या. शेवटचा प्रवेश चारला, पाचला बंद, आणि २९-३० डिसेंबरला किल्ला पूर्ण बंद असतो. वर्षअखेरीला जाणारे ह्यात हमखास अडकतात.

मुख्य इमारतीत बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातात धरून फिरायचंय, तेव्हा पटकन निघतील असे बूट आणि बरे मोजे. हिवाळ्यात त्या लाकडी फळ्या बर्फासारख्या गार असतात, जाड मोजे न्या. वर टॉयलेट नाही, तिकीट काढायच्या आधीच उरकून घ्या. लिफ्ट नाही, जिने उभे आणि अरुंद, शिडीच्या जवळ जाणारे, कठडे आहेत पण गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांना वरपर्यंत नेण्याचा हट्ट करू नका. त्यांच्यासाठी पश्चिमेकडचा भाग आणि बाग हा प्लॅन जास्त चांगला.

हिशी दरवाज्यापासून वर

लाकडी पूल ओलांडून ओतेमोन दरवाज्यातून आत आलं की मोठं मैदान लागतं, सान्नोमारु. इथपर्यंत फुकट आहे. एप्रिलच्या सुरुवातीला साकुरा म्हणजे चेरी फुलल्यावर सगळं गाव इथं चटया टाकून बसलेलं असतं. इथून किल्ला बघून घ्या. छप्पर पण पांढरं का दिसतं? कौलं राखाडीच आहेत, पण त्यांच्या प्रत्येक सांध्यावर चुन्याचा गिलावा भरलाय, त्यामुळे लांबून सगळंच पांढरं वाटतं. त्या गिलाव्यात चुना, तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळाची खळ असते. लाकडी इमारतीला आगीपासून वाचवायचा तो उपाय, नुसती शोभा नाही. २००९ ते २०१५ अशी मोठी दुरुस्ती झाली तेव्हा हा गिलावा नवा केला.

तिकीट काढून पुढे आलं की हिशी दरवाजा, किल्ल्यातला सगळ्यात मोठा. इथे दोन पर्याय: डावीकडे पश्चिमेचा भाग, सरळ मुख्य इमारत. सकाळी लवकर आला असाल तर सरळ जा, पश्चिमेचा भाग परतताना करू, कारण फिरून शेवटी ह्याच दरवाज्याशी यायचंय.

आता हळू चाला. इथून पुढच्या दरवाज्यांना इ, रो, हा, नी, हो अशी जपानी मुळाक्षरांची नावं आहेत, पाट्या बघत जा. गडकोट फिरलेल्या माणसाला इथं जंग्या लगेच दिसतील: भिंतीत आयताकृती, गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं. उभी आयताकृती बाणांसाठी, बाकीची बंदुकांसाठी. आतल्या बाजूने डोळा लावून बघा, बाहेरच्या बाजूला भोक निमुळतं होत जातं आणि बरोबर तुम्ही मघाशी ज्या वाटेने आलात तीच वाट समोर दिसते.

'रो' दरवाज्यानंतर 'हा' दरवाज्याकडे जाणारी चढण लागते, दोन्ही बाजूंना भिंती, समोर वर मुख्य इमारत. फोटोसाठी सगळे इथे थांबतात, तुम्हीही थांबा, पण पुढे काय होतं त्याकडे लक्ष द्या. 'हा' दरवाजा ओलांडला की वाट एकदम उलटी वळते आणि तुम्ही मुख्य इमारतीकडे पाठ करून चालायला लागता. चढून आलेल्या शत्रूला वाटणार आपण चुकलो. 'नी' दरवाज्यात वाट पुन्हा वळते, वर डोक्यावरच खोली आहे जिथून खाली मारा करता येतो. ह्या दरवाज्याच्या छपराच्या टोकाच्या कौलांमध्ये एक कौल क्रॉसचं चिन्ह असलेलं आहे, मान वर करून शोधा. बाकी कौलांवर वेगवेगळ्या घराण्यांची चिन्हं आहेत, फुलपाखरू दिसलं की ते इकेदांचं.

पुढचा 'हो' दरवाजा एकदम बुटका, लोखंडाच्या पट्ट्यांनी मढवलेला. उंच माणसाला वाकावंच लागतं आणि वाकलेला माणूस तलवार चालवू शकत नाही. त्याच्या आतच एक मातीच्या रंगाची भिंत आहे, बाकी सगळं पांढरंशुभ्र असताना हीच एक बिनगिलाव्याची, माती ठोकून ठोकून दगडासारखी केलेली. आणि मग सगळ्यात भारी गोष्ट: पुढची वाट उतरते. मुख्य इमारत हाताच्या अंतरावर, आणि तुम्ही खाली चाललाय. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण इथे "अरे, एक्झिट आला की काय" म्हणतो. सगळ्यात हुशार गंमत अशी की ह्या एवढ्या योजनेची कधी परीक्षाच झाली नाही, ह्या किल्ल्यावर लढाई झालेलीच नाही.

इथेच तटाच्या दगडांत जाळी लावून ठेवलेला एक छोटा दगड आहे. दंतकथा अशी की हिदेयोशी (इएयासूच्या आधीचा जपानचा सत्ताधीश; इकेदांच्या आधी, १५८० च्या सुमारास, त्याने इथे छोटा किल्ला बांधला होता) दगड कमी पडतायत म्हणून हैराण होता तेव्हा एका गरीब म्हातारीने आपलं जातं देऊन टाकलं, ते ऐकून गावोगावचे लोक दगड घेऊन आले. गोष्ट खरी असो नसो, दगड कमी पडत होते हे मात्र तटात डोळ्यांनी दिसतं: जुन्या दगडी शवपेट्यासुद्धा वापरल्यात, बिझेन दरवाज्याशेजारी एक उभी लावलेली आहे.

मुख्य इमारतीच्या आत

बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि खाली तळघर. तळघरात वेढ्याच्या वेळी वापरायचे संडास आहेत, अंधारात पटकन लक्षात येत नाहीत. नंतर वर चढताना दोन अवाढव्य खांब शोधा, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, जवळजवळ २५ मीटर उंच, तळघरापासून सहाव्या मजल्याच्या खालपर्यंत गेलेले. सगळी इमारत ह्या दोघांवर तोललेली आहे. १९५६ ते १९६४ मध्ये इमारत पूर्ण सुटी करून पुन्हा जोडली तेव्हा पश्चिमेचा खांब कुजलेला निघाला आणि बदलावा लागला, पूर्वेचा मूळचाच आहे, बुडाशी दुरुस्त केलेला. त्याला हात लावून बघा, चारशे वर्षांपूर्वीचं झाड आहे.

भिंतीवरचे खुंट्यांचे रॅक बंदुका आणि भाल्यांसाठी. कोपऱ्यांत सैनिक लपवायच्या छोट्या खोल्या आहेत, मुलांना त्या जाम आवडतात. सगळ्यात वर ओसाकाबे देवाचं छोटं देऊळ आणि चारी बाजूंना खिडक्या. दक्षिणेकडे तो सरळ रस्ता आणि स्टेशन दिसेल. ३ जुलै १९४५ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात हेच खालचं शहर जळून गेलं. किल्ला लांबून दिसू नये म्हणून त्यावर काळी जाळी घातलेली होती, आणि वरच्या मजल्यावर पडलेला एक आगबॉम्ब फुटलाच नाही. तो फुटला असता तर आज हिमेजीतही काँक्रीटची इमारत आणि लिफ्ट असती. त्याआधी मेजी काळात (१८६८ नंतर) किल्ले पाडायची लाट आली तेव्हाही तो थोडक्यात वाचला, नाकामुरा शिगेतो नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने तो जपावा म्हणून सरकारकडे शब्द टाकला. हिशी दरवाज्याच्या आत त्याच्या नावाचा दगड आहे, सगळे न बघता पुढे जातात.

खाली उतरलं की बिझेनमारु हे अंगण. मुख्य इमारत अगदी जवळून, पूर्ण, इथूनच मिळते. तिथून उतरताना ओकिकूची विहीर: दहा ताटांपैकी एक हरवल्याचा आळ येऊन मारून टाकलेली मोलकरीण रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजते, ही जपानची प्रसिद्ध भुताची गोष्ट. वाकून बघितलं तर तळाशी नाणी दिसतात. हिशी दरवाज्याजवळ पाण्याच्या टाक्यापाशी रु नावाचा दरवाजा आहे, तटाच्या पोटात घुसणारं भोक, आपल्या भाषेत चोरदरवाजाच. तो चुकवू नका.

मग पश्चिमेचा भाग. इथला लांबलचक लाकडी कॉरिडॉर आणि त्याच्या टोकाचा मनोरा, हा सगळा राजकन्या सेन हिच्याशी जोडलेला. इएयासूची नात, लहानपणीच राजकारणासाठी हिदेयोशीच्या मुलाशी, तोयोतोमी हिदेयोरीशी लग्न, १६१५ मध्ये आजोबांच्याच फौजेने ओसाका किल्ला पाडला त्यात नवरा गेला, ती वाचली, आणि मग तेव्हा हिमेजी ज्यांच्याकडे होतं त्या होंदा घराण्यात लग्न होऊन इथे आली. गर्दी कमी, चढ कमी, आणि खिडक्यांतून मुख्य इमारतीचे बाजूने सुंदर फोटो. सगळं मिळून किल्ल्याला तीन तास धरा.

बाग आणि जेवण

कोकोएन किल्ल्याच्या पश्चिमेला पाच मिनिटांवर. १९९२ मध्ये सामुराई वाड्यांच्या जागेवर केलेल्या नऊ वेगवेगळ्या बागा, मधे भिंती आणि दरवाजे. नवीन आहे म्हणून नाकं मुरडतात काही जण, मला आवडते, विशेषतः तळ्याची बाग आणि नोव्हेंबरच्या शेवटी लाल झालेले मेपल. चहाघरात बसून माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळलेला चहा) आणि गोड वडी घ्यायची, पायांना आराम. तासभर बास.

जेवणात इथली खासियत आनागो, म्हणजे समुद्रातला वाममासा, भाजून भातावर. मासे खाणाऱ्यांनी तोच घ्यावा. स्टेशनवर उभ्याउभ्या खायचं तर एकी-सोबा, १९४९ पासून प्लॅटफॉर्मवर मिळणारा प्रकार, चिनी पद्धतीच्या पिवळ्या नूडल्स आणि जपानी रस्सा, स्वस्त आणि गरमागरम. शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवा की वर नुसती भाजी दिसली तरी रस्सा माशाच्या दाशीचाच (स्टॉकचाच) असतो, ओदेन ह्या उकळत्या रश्शातल्या पदार्थातला मुळा आणि टोफूसुद्धा त्यातच उकळलेला. सरळ कोंबिनीतून (छोट्या सुपरमार्केटसारख्या दुकानातून) उमेबोशीची ओनिगिरी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा, फळं, दही, पाव घ्या, आणि घरून आणलेले ठेपले-चिवडा आहेतच. दाशी चालवून घेणारे असाल तर आयुष्य खूप सोपं होतं.

दुपार: शोशा डोंगर, किंवा नाही

पाय शाबूत असतील तर दीडच्या सुमारास स्टेशनसमोरून शिंकी बसची ८ नंबरची बस पकडा. बस आणि रोपवेचं एकत्र तिकीट स्टेशनसमोरच्या बसच्या काउंटरवर मिळतं. अर्ध्या तासात पायथा, चार-पाच मिनिटं रोपवे, ५०० येन प्रवेश, आणि मग जंगलातून पंधरा-वीस मिनिटांचा चढ. वर एन्ग्योजी, ९६६ मध्ये स्थापन झालेला तेंदाई ह्या बौद्ध पंथाचा मठ. पहिला माणिदेन, डोंगराच्या उतारावर लाकडी खांबांवर उभा. तिथेच थांबून परत फिरू नका, अजून दहा मिनिटं आत तीन प्रचंड लाकडी इमारती एका अंगणाभोवती आहेत, रंग नाही, सोनं नाही, नुसतं करडं पडलेलं लाकूड. हॉलिवूडच्या एका गाजलेल्या सामुराई सिनेमाचं शूटिंग इथंच झालं. ज्येष्ठांसाठी वर छोटी बस असते, पैसे वेगळे. पोचताच शेवटच्या रोपवेची वेळ बघून ठेवा, ती सीझनप्रमाणे बदलते, आणि हिवाळ्यात जंगलात अंधार लवकर होतो.

डोंगर नको असेल तर किल्ल्याच्या मागे चालत जा. प्रीफेक्चरचं (म्हणजे जिल्हा-राज्यासारख्या प्रांताचं) इतिहास म्युझियम आहे, १९८३ सालचं, प्रसिद्ध जपानी आर्किटेक्ट केन्झो तांगेने डिझाइन केलेलं, त्याच्या काचेत किल्ल्याचं प्रतिबिंब पडतं. शहराचं आर्ट म्युझियम लाल विटांच्या जुन्या लष्करी कोठारात आहे, आत नाही गेलात तरी हिरवळीवर बसता येतं.

पुण्याच्या लोकांसाठी तिसरा पर्याय: सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवर बेतलंय ती कोराकुएन ओकायामाला आहे, आणि ओकायामा हिमेजीहून शिनकानसेनने वीसेक मिनिटं. ती बागसुद्धा इकेदांच्याच वंशातल्या सरदाराने केलेली. पण मग एकी-सोबा खाऊन लगेच निघायला हवं, आणि शोशा विसरा.

संध्याकाळ आणि परत

गावात परतल्यावर मियुकी-दोरी ह्या छप्पर असलेल्या बाजारातून स्टेशनकडे या, मोठ्या रस्त्याला समांतर आहे. न्यायला काही हवं असेल तर म्योचिन घराण्याची लोखंडी घंटा बघा: पूर्वी चिलखतं बनवणारे, नंतर शेगडीचे चिमटे, आणि आता त्याच चिमट्यांची वाऱ्यावर वाजणारी घंटा. वाजवून मगच घ्या, आवाज फार लांबतो. स्वस्त नाहीये. चामड्याच्या छोट्या वस्तूही इथल्याच, चामड्याचा धंदा इथे जुना आहे.

रात्री इझाकायात (जपानी पब-खानावळीत) हिमेजी ओदेन मागवा, सोया सॉसमध्ये किसलेलं आलं घालून त्यावर ओततात, बाकी जपानात असं खात नाहीत. थंडीत तर अफलातून. मग किल्ल्याचं लाइटिंग बघायला परत एवढं चालायची गरज नाही, स्टेशनच्या डेकवरून दिसतं. ओसाकाकडे जाणारी स्पेशल रॅपिड दिवसा पंधरा मिनिटांनी असते, रात्री उशिरा कमी होतात, तेव्हा जेवायला बसायच्या आधीच फोनवर वेळ बघून घ्या, आणि लॉकर कुठल्या बाजूचा होता त्याचा फोटो सकाळीच काढून ठेवा, कारण ते लॉकर एकाच जागी नाहीत, स्टेशनभर विखुरलेले आहेत.